कोठाराची किल्ली: अमेरिकेतल्या अन्नसाहाय्याच्या कपातीविरुद्ध मंदिरांनी, मंडळांनी आणि शेजारच्या चर्चनी मिळून काय करावं

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. दुष्काळ पडला आणि त्यांनी भुकेल्यांसाठी कोठार उघडलं. पण ते कोठार त्यांच्या घरचं नव्हतं, बादशहाचं होतं, ही गोष्टीतली खरी मेख सांगता सांगता निसटून जाते.

इथे अमेरिकेत, आमच्या गावात एका चर्चच्या तळघरात दर शनिवारी फूड पँट्री, म्हणजे गरजूंसाठी मोफत धान्यवाटप, चालते. आमच्या मंडळाची पाच-सहा माणसं तिथे तांदळाच्या, डाळीच्या पिशव्या भरायला जातात. पिशव्या बांधताना मला दामाजी आठवत राहतात. आम्ही वाटतो ते घरचं धान्य आहे. ज्यावर लाखो घरांची चूल पेटते ते कोठार सरकारचं आहे आणि त्याचं दार हळूहळू लोटलं जात आहे. फीडिंग अमेरिका या फूड बँकांच्या देशव्यापी जाळ्याचा हिशेब असा, की त्यांच्याकडून एक जेवण जातं तेव्हा सरकारच्या स्नॅप या किराणा-मदत योजनेतून नऊ जेवणं जातात. त्या नवातलं एक जरी कमी झालं तरी ते भरून काढायला आपल्याला पिशव्या दुप्पट कराव्या लागतील.

म्हणून सेवा करणाऱ्यांनी आता सेवेबरोबर मागणीही करायला हवी असं माझं ठाम मत आहे. ती कशी करायची ते इथे सांगतो. हे लिहिताना डोळ्यांसमोर अमेरिकेत राहणारी मराठी माणसं आहेत: मंदिराच्या समितीतली, मंडळातली, शेजाऱ्यांबरोबर पँट्रीत उभी राहणारी.

आधी नेमकं काय कापलं ते समजून घ्या

स्नॅप म्हणजे पूर्वीचे फूड स्टॅम्प. १९६४ मध्ये लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष असताना कायदा झाला, २००८ मध्ये नाव बदललं. २०२५ मध्ये कपात होईपर्यंत साधारण ४ कोटी २० लाख लोक, म्हणजे दर आठ माणसांत एक, या योजनेच्या कार्डावर किराणा घेत होते. माणशी सरासरी मदत दिवसाला सहा डॉलरच्या आसपास. बाहेर एक कॉफी आणि सँडविच घेतलं तरी त्याहून जास्त होतात.

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या मोठ्या अर्थसंकल्पी कायद्याने या योजनेतून दहा वर्षांत सुमारे १८,६०० कोटी डॉलर काढून घेतले. हा आकडा संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा आहे. सिनेटमध्ये मतं ५०-५० अशी अडली होती आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने ते विधेयक पुढे गेलं. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर, हे लक्षात ठेवा. ‘आमच्या दहा माणसांच्या पत्राने काय होणार’ असं कुणी म्हणालं की मी हेच सांगतो.

पैसे कुठून काढले ते कळल्याशिवाय मागणी नीट करता येत नाही.

पहिलं, कामाची अट. मूल पदरी नसलेल्या, धडधाकट प्रौढांनी महिन्याला ८० तास काम दाखवायचं, नाहीतर तीन वर्षांत तीनच महिने मदत, हा नियम जुनाच. तो पूर्वी ५४ वर्षांपर्यंत होता, आता ६४ पर्यंत नेला. ज्यांचं धाकटं मूल १४ वर्षांचं झालं त्या आईवडिलांनाही लावला. माजी सैनिक, बेघर माणसं आणि पालनगृहातून बाहेर पडलेली तरुण मुलं यांना असलेली सूट काढून टाकली.

दुसरं, निर्वासित आणि आश्रय मिळालेले लोक. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत ते आता योजनेबाहेर आहेत.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं आहे आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. आजवर मदतीचा सगळा पैसा केंद्र सरकार देत आलं. ऑक्टोबर २०२७ पासून राज्यांनाही वाटा उचलावा लागेल. किती, ते त्या राज्याच्या चुकांच्या प्रमाणावर ठरेल. प्रमाण ६ टक्क्यांच्या आत असेल तर काही नाही, ६ ते ८ असेल तर ५ टक्के, ८ ते १० असेल तर १० टक्के, त्याहून वर १५ टक्के. शिवाय कार्यालयं चालवण्याच्या खर्चातला राज्यांचा हिस्सा ऑक्टोबर २०२६ पासून निम्म्यावरून ७५ टक्क्यांवर जातो.

इथे ‘चूक’ म्हणजे लबाडी नव्हे. कुणाला चुकून जास्त दिले तेही यात धरतात आणि कुणाला चुकून कमी दिले तेही. पगाराची पावती उशिरा आली, कर्मचाऱ्याने भाड्याचा आकडा चुकीच्या रकान्यात भरला, घरातली माणसं मोजताना गडबड झाली, अशा बहुतेक गोष्टी. २०२४ या आर्थिक वर्षात देशाची सरासरी १०.९३ टक्के होती आणि ६ टक्क्यांच्या आत बसणारी राज्यं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. समजा एका राज्यात वर्षाला १०० कोटी डॉलरची मदत वाटली जाते आणि त्याचं प्रमाण ११ टक्के आहे. त्या राज्याला दरसाल १५ कोटी डॉलर नव्याने उभे करावे लागतील. नाही केले तर लोकांना यादीतून कमी करणं किंवा योजनाच सोडणं एवढंच उरतं.

म्हणजे लढाई आता वॉशिंग्टनएवढीच तुमच्या राज्याच्या राजधानीतही आहे. आपल्यासारख्या छोट्या गटांना ही संधी आहे, कारण राज्याच्या आमदाराच्या दारात फार गर्दी नसते. राज्यवार चुकांचं प्रमाण केंद्राचं कृषी खातं दरवर्षी जूनअखेरीस जाहीर करतं; स्नॅप तेच चालवतं. तुमच्या राज्याचा आकडा शोधून एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक बोलण्यात तो लागणार आहे.

आपल्या पँट्रीची वही

सप्टेंबर २०२५ मध्ये कृषी खात्याने देशातल्या घरांच्या अन्नटंचाईचा वार्षिक अहवाल पुढे बंद करत असल्याचं जाहीर केलं. १९९० च्या दशकापासून चालत आलेली ती मोजणी होती. ती बातमी वाचली त्या शनिवारी मी दुकानातून एक जाड वही आणली.

वहीत पाचच रकाने ठेवा: तारीख, किती कुटुंबं आली, त्यात पहिल्यांदा आलेली किती, मुलं किती, आणि ‘मदत बंद झाली किंवा कमी झाली’ असं स्वतःहून सांगणारी किती. नाव लिहू नका. पत्ता नको, व्हिसा-नागरिकत्वाचा प्रश्न तर मुळीच नको, रांगेचे फोटो नकोत. माणूस पिशवी घ्यायला आला आहे, जबानी द्यायला नाही. संध्याकाळी बेरीज करायची आणि महिन्याने एक तक्ता करायचा. तीन महिन्यांत तुमच्या हातात तुमच्या गावापुरतं असं काही येतं, जे तुमच्या खासदाराच्या ऑफिसातही नसतं.

मग त्याचं डॉलरमध्ये रूपांतर करा. समजा तुमच्या वहीत तीन-तीन माणसांची चाळीस कुटुंबं मदत बंद झाल्याचं सांगतात. माणशी महिन्याला सरासरी १९० डॉलर धरले तर महिन्याला २२,८०० डॉलरचा किराणा त्या एका वस्तीतून नाहीसा झाला. आता मंडळाच्या गणेशोत्सवाचं बजेट समोर ठेवा. एवढी रक्कम आपण दर महिन्याला उभी करू शकतो का, हे समितीला विचारा. आमच्या समितीत हा हिशेब मांडल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. ‘आपण राजकारणात कशाला पडायचं’ असं आदल्या बैठकीत म्हणणारे काकाच मग म्हणाले, “अहो, हे आपल्या आवाक्यातलं नाही. ज्यांच्या आवाक्यातलं आहे त्यांना सांगायलाच पाहिजे.”

वहीचा आणखी एक उपयोग आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ च्या शटडाऊनमध्ये, म्हणजे खर्चाची मंजुरी नसल्याने केंद्र सरकारचं कामकाज बंद पडलं तेव्हा, योजनेच्या इतिहासात पहिल्यांदाच मदत खंडित झाली. तेव्हा जे कोर्टात गेले त्यांत शहरं होती, संस्था होत्या, कामगार संघटना होती, आणि ऱ्होड आयलंडमधल्या खटल्यात पहिलं नाव होतं त्या राज्याच्या चर्च परिषदेचं. ३१ ऑक्टोबरला न्यायाधीश जॉन मॅकॉनेल यांनी राखीव निधीतून पैसे द्यायला सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १२ नोव्हेंबरला शटडाऊन संपल्यावर मदत पूर्ववत झाली. कोर्टात उभं राहायचं तर ‘आमचं आणि आमच्या लोकांचं असं नुकसान झालं’ हे दाखवावं लागतं. ते दाखवण्यासाठी नोंदी लागतात. उद्या तुमच्या राज्यातल्या कुठल्या खटल्याला आधार हवा असेल तर तुमची वही कामी येईल.

कायद्याच्या कुंपणाची नीट माहिती करून घ्या

मंदिरात हा विषय काढला की कुणीतरी म्हणतंच, ‘आपली करसवलत जाईल.’ ही भीती खरी असते आणि बऱ्याच अंशी अनाठायी असते.

५०१(सी)(३) दर्जाच्या, म्हणजे करसवलत असलेल्या धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेला दोन वेगळे नियम लागू होतात. उमेदवाराचा प्रचार किंवा विरोध करायला १९५४ पासून बंदी आहे. त्यामुळे ‘अमक्याला मत द्या’ किंवा ‘तमक्याला पाडा’ हे मंदिराच्या व्यासपीठावरून, मंडळाच्या ईमेलमधून, समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून जाऊ देऊ नका. कायद्याबद्दल, विधेयकाबद्दल, बजेटबद्दल बोलणं मात्र चालतं. अट एवढीच की ते संस्थेच्या एकूण कामाचा मोठा भाग होता कामा नये.

मंदिर असेल तर करखात्याच्या लेखी ते ‘चर्च’ आहे आणि त्याला हाच ‘मोठा भाग नको’ असा ढोबळ नियम लागतो. मंडळ साधी धर्मादाय संस्था असेल तर त्याला करखात्याचा फॉर्म ५७६८ भरून ५०१(एच) या कलमाचा पर्याय घेता येतो. मग मर्यादा आकड्यात ठरते: वार्षिक खर्चाच्या पहिल्या पाच लाख डॉलरवर २० टक्के. यात फक्त खर्च धरला जातो. स्वयंसेवकांचा बिनपगारी वेळ खर्च नसतो. आपलं तर सगळं कामच स्वयंसेवकांवर चालतं, त्यामुळे बहुतेक मंडळं या मर्यादेच्या जवळपासही जाणार नाहीत. तरी एकदा मंडळाच्या अकाउंटंटना विचारून घ्या आणि बैठकीच्या इतिवृत्तात ते लिहून ठेवा.

पँट्रीत सरकारी धान्य येत असेल तर ज्यादा काळजी हवी. त्या वाटपात धान्याच्या बदल्यात सही, सभा, प्रार्थना, काहीही मागायचं नाही. रांगेत सह्यांचा कागद फिरवू नका. पत्राचं टेबल वेगळ्या खोलीत किंवा वेगळ्या दिवशी ठेवा, आणि आधी तुमच्या फूड बँकेला विचारा. सरकारी अनुदानाचा एक डॉलरही या कामासाठी वापरायचा नाही.

व्हिसावर असलेल्यांसाठी वेगळं सांगतो. एच-१बी असो की ग्रीन कार्ड, तुम्ही त्या मतदारसंघात राहता म्हणजे तुमच्या प्रतिनिधीला भेटू शकता, पत्र लिहू शकता. निवडणूक प्रचाराच्या देणग्यांपासून मात्र ग्रीन कार्ड नसलेल्यांनी लांबच राहावं, कारण तिथे बंदी आहे. आणि अटक ओढवून घेणारं आंदोलन नागरिकांवर सोडा. एप्रिल २०२५ मध्ये गरिबांच्या हक्कांसाठी लढणारे पाद्री रेव्हरंड विल्यम बार्बर यांना संसदेच्या रोटुंडात, म्हणजे घुमटाखालच्या दालनात, प्रार्थना करताना अटक झाली. मला त्यांच्याबद्दल अतोनात आदर आहे. पण ज्याचं सगळं घर एका व्हिसाच्या शिक्क्यावर उभं आहे त्याने पत्र लिहावं, वही सांभाळावी. ते कामही तितकंच लागतं.

शेजारच्या दारावर टकटक

एकट्या मंदिराने गेलात तर ऑफिसातली माणसं अगत्याने चहा विचारतील आणि विसरतील. मंदिर, चर्च, मशीद, सिनेगॉग, गुरुद्वारा एकाच टेबलाशी बसलेले दिसले की तोच विषय ‘सगळ्या गावाचा’ होतो.

सुरुवात नव्याने करू नका. या देशात हे काम पन्नास वर्षं चालू आहे. ब्रेड फॉर द वर्ल्ड ही ख्रिस्ती संघटना १९७४ पासून चर्चमधून संसदेला पत्रं पाठवते. आर्ट सायमन या लुथरन पाद्रींनी ती उभी केली. ज्यू समाजाची मॅझॉन ही भूकविरोधी संस्था १९८५ पासून आहे. कॅथलिक नन्सच्या नेटवर्क या संघटनेने २०१२ मध्ये अर्थसंकल्पातल्या कपातीविरुद्ध बसमधून राज्याराज्यांत फिरून सभा घेतल्या. यांच्या याद्या, पत्रांचे नमुने, मतदानाच्या नोंदी तयार असतात, त्या वापरा. आपल्या राज्यात भूकविरोधी आघाडी असतेच असते. राज्याच्या राजधानीतली खाचाखोच तिला जितकी कळते तितकी कुणालाच कळत नाही. तिच्या ईमेल यादीत आजच नाव घाला.

पहिली बैठक जिथे अन्न शिजतं किंवा भरलं जातं तिथे घ्या. पिशव्या एकत्र भरा, मग बसा. प्रत्येकाने एकच सांगायचं: ‘मी इथे का आलो’. त्या पहिल्या तासात मला जे मिळालं ते कुठल्याच अहवालात नव्हतं. एक आफ्रिकन-अमेरिकन आजी म्हणाल्या, त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रांग वाढते कारण तोवर कार्डावरचे पैसे संपतात. गुरुद्वाऱ्यातल्या सरदारजींनी लंगरबद्दल तेच सांगितलं. आमच्या वहीतही तेच होतं. तीन जागच्या तीन नोंदी एकमेकींशी जुळल्या आणि आम्हाला आमचं पहिलं वाक्य सापडलं.

बाकीच्या विषयांवर एकमत व्हायची गरज नाही. गर्भपात, शाळा, परराष्ट्र धोरण हे त्या टेबलावर आणायचं नाही असं पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्या. आपल्या मंडळातही दोन्ही पक्षांची माणसं असतात. ज्या काकांनी हा कायदा करणाऱ्यांना मत दिलं त्यांना बाजूला काढू नका. त्यांना मनापासून सांगा, “काका, तुमच्या मताला आम्ही हात लावत नाही. पण तुम्ही ज्यांना निवडून दिलंत ते तुमचं ऐकतील, आमचं नाही. तुम्ही चला.” अशा एका काकांच्या शेजारी बसून मी जी भेट केली तिला आजवरच्या सगळ्या भेटींत सर्वांत जास्त वेळ मिळाला.

एकच मागणी

आमची पहिली भेट वाया गेली. आम्ही सात मागण्या घेऊन गेलो होतो. समोरची तरुण मुलगी मान डोलवत राहिली आणि तिने वहीत काहीही लिहिलं नाही. तेव्हापासून नियम केला, एका भेटीत एक मागणी, आणि ती अशी असावी की तिला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल.

राज्यात मागायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. नव्या हिश्श्याची तरतूद राज्याच्या बजेटमध्ये करा. अर्ज तपासणारे कर्मचारी वाढवा, कारण माणसं कमी केली की चुका वाढतात आणि चुका वाढल्या की राज्याचा भुर्दंड वाढतो. आजारी आणि अपंग माणसांना कामाच्या अटीतून सूट आहे, ती त्यांना शोधून शोधून द्या. वगळलेल्या निर्वासितांसाठी राज्याच्या पैशातून मदत सुरू करा. माझं मत विचाराल तर आज सर्वांत आधी कर्मचाऱ्यांची मागणी करा. ती कुठल्याही पक्षाच्या आमदाराला पटते, कारण त्यात राज्याचेच पैसे वाचतात, आणि तिचा फायदा थेट रांगेतल्या माणसाला होतो.

केंद्रात मागणी सरळ ठेवा: राज्यांवर टाकलेला हिस्सा मागे घ्या किंवा निदान पुढे ढकला. भेटीला जाण्याआधी त्या आठवड्यात त्याबद्दल कुठलं विधेयक चालू आहे ते आघाडीला विचारा आणि त्याचा क्रमांक कागदावर लिहून न्या.

वेळ चुकवू नका. बहुतेक राज्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणजे जानेवारी ते मे हा खरा हंगाम. न्यूयॉर्कचं १ एप्रिलला, टेक्सासचं १ सप्टेंबरला, मिशिगन आणि अलाबामाचं १ ऑक्टोबरला. जूनमध्ये जाऊन जुलैचं बजेट बदलायला सांगणं म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणं.

भेट

वॉशिंग्टनला जायची गरज नाही. खासदाराचं एक ऑफिस तुमच्या मतदारसंघात असतंच. ऑगस्टमध्ये आणि सणासुदीच्या सुट्ट्यांत ते स्वतः तिथे येतात. भेटीची वेळ तीन आठवडे आधी ईमेलने मागा. सहायकाची भेट मिळाली तर नाराज होऊ नका. फाइलवर टिपण तेच लिहितात.

पाच माणसं पुरे. एकाने ओळख करून द्यायची, एकाने वहीतले आकडे सांगायचे, एकाने अनुभव सांगायचा, एकाने मागणी करायची, एकाने लिहून घ्यायचं. आदल्या दिवशी कुणाच्या तरी घरी बसून तालीम करा. बोलणं इंग्रजीत होणार असलं तरी आधी मराठीत बोलून पाहा. मुद्दा मराठीत एका दमात सांगता आला की इंग्रजीतही अडत नाही.

अनुभव सांगणारी व्यक्ती सर्वांत जपायची. ती स्वतः त्या परिस्थितीतून गेलेली असावी, स्वखुशीने आलेली असावी, आणि शेवटच्या क्षणी ‘नको’ म्हणाली तर एकही प्रश्न न विचारता ते मान्य करायचं. ‘गरीब बिचारी’ अशी तिची ओळख करून देऊ नका. आमच्याबरोबर आलेल्या ताई दिवसभर वृद्धाश्रमात काम करतात, साठीला टेकल्या आहेत, आठवड्याचे तास त्यांच्या हातात नसतात. एका महिन्यात ७४ तास भरले. त्यांनी पगाराचे कागद टेबलावर मांडले आणि म्हणाल्या, “हे सहा तास मला मालकाने दिले नाहीत. ते कुणाकडून आणू?” त्या दिवशी समोरच्याने पेन उचललं.

कामाच्या अटीबद्दल ‘काम करायला काय हरकत आहे’ असं विचारलं जाणारच. चिडू नका. बहुतेक जण काम करतातच, अडकतात ते तासांच्या अनियमिततेत आणि कागदपत्रांत, हे तुमच्या वहीतल्या उदाहरणाने सांगा. आकडा माहीत नसेल तर ‘बघून दोन दिवसांत कळवतो’ म्हणा आणि खरंच कळवा. फुगवून सांगितलेला एक आकडा सगळी विश्वासार्हता घालवतो.

पत्र, फोन, वर्तमानपत्र

ब्रेड फॉर द वर्ल्डच्या पद्धतीत चर्चमध्ये रविवारच्या दानाबरोबर पत्रंही अर्पण केली जातात. ही कल्पना मला मनापासून आवडते आणि आपल्या मंदिरात ती सहज बसते. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेशेजारी टेबल, पेनं आणि एक नमुना ठेवा. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न हे पहिलं आहे, एवढं पुजाऱ्यांनी किंवा अध्यक्षांनी दोन मिनिटांत सांगितलं तरी पुरे. छापील पत्रावर नुसती सही नको. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने दोन वाक्यं लिहावीत: मी कुठे राहतो, मी काय पाहिलं. मुलांनाही लिहू द्या. वॉशिंग्टनला जाणारं टपाल सुरक्षा तपासणीत बरेच दिवस अडकतं, म्हणून गठ्ठा थेट स्थानिक ऑफिसात नेऊन द्या.

फोनसाठी संसदेचा मुख्य क्रमांक २०२-२२४-३१२१. नाव, गावाचा झिप कोड, मागणी. मिनिटाच्या आत संपवा.

स्थानिक वर्तमानपत्राला दोनशे शब्दांचं पत्र पाठवा आणि त्यात प्रतिनिधीचं नाव नक्की घाला. ऑफिसातली माणसं ते नाव रोज शोधत असतात.

तोवर रांगेतल्या माणसाचं काय

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर कुणाची मदत निव्वळ कागदामुळे जाऊ नये. ८० तासांत स्वयंसेवाही धरली जाते, हे फार जणांना माहीत नसतं. तुमचं मंदिर, पँट्री, मराठी शाळा कुणाला महिन्याचे काही तास देऊ शकतं का ते पाहा. लेटरहेडवर तारखा आणि तास लिहून सही करून द्या. आधी काउंटीच्या कार्यालयात कुठल्या स्वरूपाचं पत्र चालेल ते विचारा. आणि त्या तासांत माणसाला मानाने वागवा. ते फुकटचे हात नव्हेत.

फेरतपासणीचं पत्र इंग्रजीत येतं, मुदत छोटी असते आणि ते जाहिरातींच्या ढिगात हरवतं. महिन्यातून एका संध्याकाळी दोन लॅपटॉप आणि एक स्कॅनर घेऊन बसलात तरी कितीतरी घरं वाचतात.

आपल्यातही अशी घरं आहेत. नवरा सोडून गेल्यावर दोन मुलांना घेऊन राहणारी बहीण, नोकरी गेलेला भाऊ, मुलाकडे आलेले पण मुलाचंच भागेना असे आईवडील. लाज वाटते म्हणून कुणी सांगत नाही. एच-१बी वाल्यांना स्वतःला स्नॅप मिळत नाही, ग्रीन कार्डवरच्या प्रौढांना बहुतेक वेळा पाच वर्षं थांबावं लागतं, पण इथे जन्मलेलं मूल नागरिक असतं आणि त्याच्यापुरता अर्ज करता येतो. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या, कारण ते नियम बदलत असतात. मंडळाच्या कार्यक्रमात ‘गरजूंनी संपर्क साधावा’ अशी घोषणा करू नका. एखाद्या मावशीचा नंबर शांतपणे सगळ्यांकडे असू द्या. कुणाला सांगायचं झालं तर ती सांगेल ते मावशीलाच.

भेट झाली की त्याच दिवशी आभाराचा ईमेल पाठवा. त्यात ऑफिसने काय कबूल केलं ते एका ओळीत लिहा. तीन आठवड्यांनी फोन करा. पुढच्या महिन्याची वहीची बेरीज पाठवा, त्याच्या पुढच्या महिन्याचीही पाठवा. आणि पुढच्या भेटीची तारीख तिथेच, दारातून बाहेर पडण्याआधी मागून घ्या.